मातीतलं शिसं

बाई शाळेतून निवृत्त झाल्या त्याच वर्षी त्यांनी कॉलनीमागच्या ओसाड जागेवर बाग उभी केली. सात वर्षांत तिथे फवारणीच्या औषधाचा थेंब पडू दिला नाही. पालापाचोळ्याचं खत, लसणाचं पाणी, आणि दरवर्षी एका रविवारी वाफ्यांच्या मधोमध कवितावाचन. शेवटी प्रत्येकाला भाजीची जुडी.

यंदा कार्यक्रमाला अर्धा तास उरला असताना सून बागेत आली.

"आई, आधी बसा."

"बसायला वेळ कुठंय? अजून माइक लागायचाय."

"मातीचा रिपोर्ट आलाय."

नात पाच वर्षांची झाली तरी दोन शब्दांपुढे जात नव्हती. डॉक्टरांनी रक्त तपासलं, त्यात शिसं निघालं. घराचा रंग पाहिला, नळाचं पाणी पाहिलं, काही सापडेना. शेवटी सुनेने कुणाला न सांगता बागेतली मूठभर माती प्रयोगशाळेत दिली होती.

बाईंनी आकडा दोनदा वाचला. नात याच वाफ्यांत रांगायला शिकली. मातीची मूठ तोंडात घालायची तेव्हा बाईच हसायच्या, "खाऊ दे गं, पोर टणक होईल."

मग त्यांना वॉचमनकाका आठवले. सुरुवातीलाच ते म्हणाले होते, "बाई, इथे आम्ही भंगारासाठी गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या फोडायचो." आणि बाईंनी उत्तर दिलं होतं, "माती सगळं पोटात घालते हो काका."

कॉलनीच्या सेक्रेटरीला कळलं तसा तो धावत आला. "लोक जमलेत. आज जुड्या वाटू नका, पण बोभाटाही नको. उद्या सभा घेऊ."

"आणि आज घरी जाताना कुणी वाफ्यातला पालक खुडून नेला तर?" बाईंनी विचारलं.

दरवर्षी पहिली कविता बाईंची असे. त्या माइकसमोर उभ्या राहिल्या, हातातला कागद त्यांनी उलगडलाच नाही.

"या मातीत विष आहे," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला सात वर्षं ते खायला घातलं."

मागून कुणीतरी टाळी वाजवली. त्याला वाटलं, कविता सुरू झाली.

बाईंनी मग रिपोर्टच वाचून दाखवला. औषधांच्या दुकानाचा मालक ताडकन उठला. "विष चारलंत आणि वर कविता ऐकवल्यात!" त्याने बायकोचा हात धरला आणि तो चालू लागला. पाठोपाठ खुर्च्या सरकू लागल्या. गल्लीतली शिलाईवाली तेवढी जागची हलली नाही. तिला सातवा महिना होता.

"बाई, मी रोज इथलीच भाजी खाते. माझ्या बाळाचं काय?"

"मला माहीत नाही गं," बाई म्हणाल्या. "उद्या रक्त तपासायला मी येते तुझ्याबरोबर."

त्या महिन्यात कॉलनीतल्या नऊ पोरांच्या रक्तात शिसं सापडलं. शिलाईवालीच्याही. बाई प्रत्येकाच्या दारी गेल्या. काहींनी दार उघडलं नाही.

औषधोपचाराने नातीचा आकडा उतरू लागला, पण अडलेलं बोलणं मोकळं होईल की नाही, याचा भरवसा डॉक्टर देईनात. एके सकाळी सुनेने बॅगा काढल्या.

"मी तुम्हाला दोष देत नाही, आई. पण या घरात माझा जीव घाबरा होतो."

"बरोबर आहे तुझं," बाई म्हणाल्या आणि नातीच्या फ्रॉकच्या घड्या घालायला बसल्या.