सगळ्यात खालची खोली

त्या प्लॉटवर सरळ उभं राहून चहा पिता येत नसे. मोजणीला आलेल्या माणसानं कंबरेला दोर बांधला, दुसरं टोक वरच्या झाडाला अडकवलं आणि म्हणाला, "मॅडम, दुरून डोंगर साजरे असं ज्यानं म्हटलं ना, त्यानं कधी असल्या उतारावर टेप धरली नसणार." रस्ता वर होता. रस्त्याच्या कडेपासून जमीन जी सुटायची ती थेट पंचेचाळीस फूट खाली, ओढ्याच्या काठापर्यंत.

दोन आर्किटेक्टांनी तिथं आधीच हात टेकले होते. तिसरी ही. वय पन्नाशीचं, बावीस वर्षं तिनं लोकांच्या बाल्कन्या बंदिस्त करून दिल्या, स्वयंपाकघरं उलटीसुलटी केली, दातांचे दवाखाने सजवले. असं कोरं काम तिच्या वाट्याला कधी आलंच नव्हतं. प्लॉट पाहिला त्या दिवशी ती घरी जेवायची विसरली.

मालक दोघे भाऊ, फरशीचे व्यापारी. जमीन मात्र त्यांच्या आईनं घेतलेली. नवरा गेल्यावर म्हातारीनं शिवणयंत्रावर तीन मुलं वाढवली आणि कुणी फुकट घेणार नाही असा हा उतार विकत घेऊन ठेवला. तेव्हा लोक हसले होते. म्हणत, शेळीलासुद्धा इथं धाप लागते. पुढं शहर सरकत सरकत तिथवर आलं, समोरच्या दरीला 'व्ह्यू' असं नाव पडलं, आणि हसणारे गप्प झाले.

पहिल्या बैठकीला म्हातारी स्वतः आली होती. गुडघे गेलेले, हातात वॉकर. मुलं हॉलची उंची, पोहण्याच्या तलावाची लांबी, तीन गाड्यांची जागा असं काय काय सांगत होती. ती नमुन्याच्या फरशीवर बोट फिरवत ऐकत बसली. शेवटी आर्किटेक्टनंच विचारलं, "आजी, तुम्हाला काय हवं?"

"मला रस्ता दिसला पाहिजे," म्हातारी म्हणाली. "येणारी-जाणारी माणसं दिसली की दिवस जातो बघ पोरी. दरीत काय बघायचं? दरी काही 'कसं काय' म्हणून विचारत नाही."

सगळे हसले. आर्किटेक्टनं ते वहीत लिहून घेतलं.

या घरात मजले उलटे मोजायचे होते. पहिला रस्त्याला, चौथा तळाला. तिच्या पहिल्या आराखड्यात आजीची खोली पहिल्या मजल्यावर, दाराला लागून होती. रस्त्याकडे रुंद खिडकी, खिडकीखाली बसायला कट्टा. दुसऱ्यावर हॉल आणि जेवणघर, तिसऱ्यावर दोघा भावांचे संसार, चौथ्यावर पाहुणे आणि बाग. घराच्या एका अंगानं, बाहेरून, रुंद पायऱ्यांची वाट पार तळापर्यंत उतरत होती.

थोरल्यानं आराखडा पाहिला, चष्मा काढला. "मॅडम, दारातून शिरल्या शिरल्या दरी अंगावर आली पाहिजे. म्हणजे हॉल वरच. आणि आईची खोली दाराशी म्हणजे... औषधांचा वास, वॉकर, येणारे-जाणारे..."

"आईला खाली बाग देऊ की," धाकटा म्हणाला. "शांतता, ऊन, फुलं. आणि लिफ्ट आहेच!"

"त्यांना रस्ता हवा होता," ती म्हणाली.

"आईचं काय, ठेवू तिथं ती रमते," थोरला म्हणाला.

आर्किटेक्ट आणखी दोनदा बोलली. दुसऱ्यांदा थोरला हसत हसत म्हणाला, "आमच्या ओळखीचे एक आर्किटेक्ट आहेत, तेही बघायला तयार आहेत." एवढंच. आवाज चढला नाही, टेबलावर हात आपटला नाही. ती ऑफिसात परतली आणि तिनं खोली खाली नेली. मग पोहण्याच्या तलावाला लांबी हवी म्हणून बाहेरची वाट गेली. मग हॉलला रुंदी हवी म्हणून आतला जिना खडकाच्या अंगाला दाबला. पावणेतीन फूट रुंद, प्रत्येक मजल्याला दोन गिरक्या, तळापर्यंत साठ पायऱ्या. चित्रात तो इतका देखणा दिसत होता की तिला स्वतःचाच हेवा वाटला.

काम करणारा ठेकेदार जुना, तोंडाचा फटकळ. गिरकीत उभं राहून त्यानं दोन्ही हात पसरले, कोपर भिंतीला लागलं. "बाई, इथून माणूस उभा जाईल. आडवा जाणार नाही."

"लिफ्ट आहे ना."

"लिफ्टमध्ये तरी कुठं जातोय आडवा? चार माणसांची ती."

हे तिला माहीत होतं. वीस वर्षांपूर्वी एका दवाखान्यासाठी तिनं स्ट्रेचरचं माप तोंडपाठ केलं होतं. "नियमात बसतंय," ती म्हणाली. तो खांदे उडवून कामाला लागला.

चौथ्या मजल्यावरची ती खोली तिनं जीव ओतून केली. पलंगावरून बाग दिसावी, न्हाणीघरात जागोजागी धरायला दांडे असावेत, उंबरा कुठंच असू नये. मनाला बोच होती. त्या बोचेवर ती एकेक सोय लेप लावल्यासारखी लावत गेली.

घर झालं. एका मासिकाचा फोटोग्राफर आला तेव्हा त्याच्याबरोबर ती सगळे मजले फिरली आणि शेवटी तळाला उतरली. म्हातारी पलंगावर बसून उशीच्या अभ्र्याला टाके घालत होती. सांभाळणारी बाई शेजारी डुलक्या काढत होती.

"खोली आवडली का, आजी?"

"छान आहे. खोटं कशाला बोलू?" तिनं दातानं दोरा तोडला. "फक्त इथं कुणाची वाट पडत नाही गं. वरच्या खोलीत असते तर जाता-येता कुणी डोकावलं असतं. चप्पल शोधता शोधता नातू दोन शब्द बोलला असता. इथं यायचं म्हणजे ठरवून यावं लागतं. आणि ठरवायला सवड लागते."

"तुम्ही वर जात जा ना. लिफ्टनं."

"जाते की. हॉलमध्ये बसते. मग सगळे कसे नीट बसतात, हळू बोलतात. पाहुणी आल्यासारखं वाटतं त्यांना. मलाही."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर आर्किटेक्टला काही उत्तर तरी देता आलं असतं.

त्यानंतर सातव्या महिन्यात, भर दुपारी बाराच्या सुमाराला, ऑफिसात तिचा फोन वाजला. धाकटा होता. "मॅडम, लिफ्ट अडकलीय. लाइट गेलेत. हातानं कशी खाली घ्यायची?"

"बॅटरी आहे तिला. जवळच्या मजल्यावर आपोआप यायला हवी."

"नाही आली!" बॅटरी महिन्याभरापूर्वीच मेली होती, हे तिला मागाहून कळलं. थोरल्याला वाटलं धाकटा सांगेल कंपनीला, धाकट्याला वाटलं थोरल्यानं सांगितलंच असणार. "आईच्या छातीत दुखतंय. घाम फुटलाय. रुग्णवाहिका आलीय, माणसं खाली गेलीत."

ती उभी राहिली. कुठली पेटी उघडायची, कुठला दांडा ओढायचा, तिनं सांगितलं. त्यानं ओढला, लिफ्ट हातभर सरकली आणि पुन्हा थांबली. त्याच्या मागून कुणीतरी ओरडलं, "साहेब, स्ट्रेचर वळत नाहीये!"

"मॅडम, स्ट्रेचर वळत नाहीये म्हणतात."

"नाही वळणार," ती म्हणाली. "त्यांना खुर्चीत बसवा. जेवणाची खुर्ची घ्या, हात नसलेली. चादरीनं बांधा. एक पुढं, एक मागं."

फोन कुठंतरी टेकवून तो धावला असावा. तिनं तो ठेवला नाही. पावलं, धापा, "हळू, हळू, कोपर सांभाळा", खुर्चीचा पाय खडकावर घासल्याचा आवाज. एकदा म्हातारीचाही आवाज आला. काय म्हणाली ते कळलं नाही, पण सूर समजूत काढणारा होता, जणू तिलाच त्या माणसांची दया आली होती. "टेका जरा इथं. पुन्हा, एक, दोन..." ती टेबलाची कड धरून मनात पायऱ्या मोजत राहिली. वीस झाल्या असतील, तिसऱ्यावर पोचले असतील. पस्तीस. मग 'एक, दोन' म्हणणाऱ्याचा आवाज थांबला. बराच वेळ नुसती कुजबूज. मग सुनेची किंकाळी.

दुसऱ्या मजल्याच्या गिरकीत, खुर्चीला बांधलेली असतानाच ती गेली होती. रस्ता अजून एक मजला आणि थोड्या पायऱ्या वर होता.

डॉक्टर म्हणाले, वेळेत पोचल्या असत्या तरी सांगता आलं नसतं. सगळ्यांनी ते वाक्य उराशी धरलं. आर्किटेक्टनंही धरून पाहिलं, पण तिच्या हातात ते टिकेना.

चार दिवसांनी ती भेटायला गेली. हॉलमध्ये दोघे भाऊ, सुना, आणि दूरच्या शहरातून आलेली त्यांची बहीण. बहिणीचा चेहरा थेट आईचा. दोन वर्षांत तिला यायला जमलं नव्हतं. हे घर ती पहिल्यांदाच पाहत होती. थोरला आर्किटेक्टला म्हणाला, "बसा मॅडम. तुमचा काही दोष नाही, आम्ही कुणाला बोल लावत नाही." त्यापेक्षा त्यानं थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

बहिणीनं विचारलं, "आईला तळाला ठेवायचं कुणी ठरवलं?"

धाकट्यानं थोरल्याकडं पाहिलं. थोरला म्हणाला, "ते... आर्किटेक्टच्या प्लॅनमध्येच होतं. बाग मिळावी म्हणून."

आर्किटेक्टला खरं सांगून मोकळं होणं सोपं होतं. पहिला आराखडा अजून तिच्या कपाटात होता. पण तो दाखवला तरी त्यातून काय सिद्ध होणार? हेच की तिला आधीपासून कळत होतं.

"सांगितलं यांनी," ती म्हणाली. "काढलं मी. आजींना रस्ता हवा होता, हे मला ठाऊक होतं. जिन्यातून आजारी माणूस नेता येणार नाही, हेही ठाऊक होतं."

"मॅडम, आता हे कशाला..." धाकटा पुटपुटला.

"मग तुम्हाला नाही म्हणता येत नव्हतं?" बहिणीनं विचारलं.

"येत होतं."

"का नाही म्हणालात?"

"घर बांधायचं होतं मला."

बहीण तिच्याकडं बघत राहिली. डोळ्यांत राग होता, पण एकट्या तिच्यावर खर्चून टाकावा इतका नव्हता. त्यातला काही तिनं स्वतःसाठी राखून ठेवला होता. मग ती उठली. "आईचं सामान वर आणायचंय. माझ्याबरोबर नेणार आहे मी."

"नोकर आहेत की," थोरला म्हणाला.

ती न ऐकल्यासारखी जिना उतरू लागली. आर्किटेक्ट क्षणभर थांबली, मग मागोमाग गेली. तिला कुणी बोलावलं नव्हतं, कुणी अडवलंही नाही.

खालच्या खोलीत दोघींनी कपाट उपसलं. लुगडी, औषधांचे डबे, शिवलेल्या अभ्र्यांचा मोठा गठ्ठा. घरात एवढ्या उशाही नव्हत्या. बहिणीनं तो छातीशी धरला आणि पलंगावर बसून हुंदके देऊन रडली. आर्किटेक्ट भिंतीशी उभी राहिली. धीर देण्याचा तिला अधिकार नव्हता आणि निघून जाण्याचाही.

मग त्यांनी गठ्ठे उचलले. साठ पायऱ्या वर, साठ खाली, तीन खेपा. लिफ्ट दुरुस्त झाली होती. दोघींपैकी कुणीच बटणाला हात लावला नाही. गिरकीत गठ्ठा भिंतीला अडला की पुढची थांबायची, मागची तो तिरका करून पुढं ढकलायची. बोलणं एवढंच, "वळवा", "हं, आला".

शेवटच्या खेपेला गाडीत सामान ठेवून बहिणीनं घाम पुसला. "तुमचा नंबर द्या," ती म्हणाली. "कधी काही विचारावंसं वाटलं तर विचारीन."

आर्किटेक्टनं नंबर दिला. त्याच आठवड्यात तिनं मासिकाला फोटो छापू नका म्हणून कळवलं. तरीही ते छापून आले, आतल्या जिन्याचा तर पानभर. तो पाहून आणखी दोघा उतारवाल्यांनी तिला बोलावलं. एकाला तिनं नाही म्हटलं. दुसऱ्याकडं ती गेली, आणि आराखड्याला हात लावण्याआधी घरात म्हातारं माणूस कोण आहे, त्याच्याशी एकटीनं बोलता येईल का, एवढंच विचारून गप्प बसली. त्यांना ते विचित्र वाटलं. काम दुसऱ्या कुणाला मिळालं.

बहिणीचा फोन अजून आलेला नाही.