चाकात फिरलेला बारान

मी पुठ्ठ्याचा एक जुना तुकडा आहे. तळहातावर मावेन एवढाच. माझ्या तोंडावर एका बेसबॉल खेळाडूचे चित्र होते. आता त्यातली टोपी, एक कान आणि हनुवटी तेवढी उरली आहे. खरे सांगू का मित्रांनो, मी फार दमलो आहे. पण तुम्ही विचारलेत, म्हणून सांगतो.

एका मोठ्या तावावर कितीतरी खेळाडूंबरोबर मी छापला गेलो. मग आम्हाला कापले आणि गुलाबी च्युइंग गमच्या पट्टीसोबत मेणकागदात गुंडाळले. अशी खेळाडूंची कार्डे मुले हौसेने जमवत. तो गोड वास माझ्या अंगाला पुष्कळ वर्षे होता. माझ्यावरच्या खेळाडूचे नाव लुडविक बारान. चेंडू मारणाऱ्याच्या मागे उकिडवे बसून चेंडू झेलायचे, हे त्याचे काम. पण बहुतेक दिवस तो मैदानाकडेच्या बाकावरच बसलेला असे. त्यातून फोटो काढताना नेमके त्याचे डोळे मिटले, आणि तसाच तो छापला गेला.

अमेरिकेतल्या बफेलो शहरात, कोपऱ्यावरच्या दुकानाबाहेर टेडी नावाच्या मुलाने माझे पाकीट फोडले.

"हात्तिच्या, बारान! आणि तोही झोपलेला!" असे म्हणून त्याने कपड्यांच्या चिमट्याने मला सायकलच्या स्पोकमध्ये अडकवले. चाक फिरले की टर्र असा मोटारीसारखा आवाज येतो ना, त्यासाठी. माझे काम ठरून गेले.

टेडीची चुलतबहीण हालिना अकरा वर्षांची होती. साऱ्या गल्लीत बारानची कार्डे जमवणारी ती एकटीच. बारान त्यांच्याच गल्लीत वाढलेला. त्याची आई चर्चच्या जत्रेत खसखशीचे रोल विकायची. हालिनाच्या बुटांच्या खोक्यात बारानचे दरवर्षीचे कार्ड होते. नव्हता तो फक्त मी, त्या वर्षीचा.

बारानला या खेपेला संघातून काढणार, असे जो तो म्हणत होता. म्हणून ईस्टरआधीचा लांब उपवास सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी, चर्चमध्ये कपाळावर राख लावून घेताना, हालिनाने मनात व्रत धरले. ईस्टरपर्यंत गम खायचा नाही, कार्डाला हात लावायचा नाही. देवा, बारानला संघात राहू दे. आणि त्याच आठवड्यात मी ज्यांतला, ती नवी कार्डे दुकानात आली!

"घे की हा," टेडी म्हणाला. "फुकट देतो."

"ईस्टर झाल्यावर."

"तोवर याचा भुगा होईल."

"मग दुसरं कार्ड लाव ना सायकलला."

"दुसरी सगळी चांगल्या खेळाडूंची आहेत!"

पुढच्या रविवारी तो पुन्हा आला. "अगं, रविवार उपवासात धरत नाहीत. फादरच म्हणाले. आज घे."

हालिनाचा हात पुढे आला. मला वाटले, सुटलो! पण हात मागे गेला.

"मी रविवारही धरलेत."

"मोठी आली संतीण!" टेडीने पायडल मारले. टर्र.

चिखल, वितळते बर्फ, बर्फ वितळावे म्हणून रस्त्यावर टाकलेले मीठ, सगळे मी अंगावर घेतले. रोज संध्याकाळी सायकल तिच्या खिडकीखालून जाई. बटाटे सोलता सोलता तिचा हात थांबलेला मला दिसे. ती उठत मात्र नसे.

ईस्टरच्या आदल्या सकाळी वर्तमानपत्रात बातमी आली. बारानला संघातून काढले होते.

"मी एकदाही मोडलं नव्हतं गं आई," हालिना रडत म्हणाली.

चर्चमध्ये आशीर्वादाला न्यायच्या ईस्टरच्या टोपलीसाठी आई लोण्याचे कोकरू घडवत होती. त्याला मिऱ्यांचे डोळे लावत ती म्हणाली, "देवाशी काय दुकान मांडलं होतंस? उपास आपला, निकाल त्याचा. डोळे पूस, टोपली भर."

दुपारी चर्चच्या घंटा वाजल्या. त्या काळी ईस्टरचा उपवास आदल्या दुपारी या घंटांबरोबरच संपे. हालिना टोपली घेऊन आधी सायकलपाशी आली. टेडीने स्पोकवरचा चिमटा सोडवला.

"काही उरलं नाही गं याचं," तो खाली बघत म्हणाला.

तिने मला अंडी आणि कोकराच्या मधोमध ठेवले. चर्चमध्ये टोपल्यांवर पवित्र पाणी शिंपडले गेले. एक थेंब माझ्यावर पडला. तो कोपरा अजून फुगलेला आहे. शेजारीच, आपल्या म्हाताऱ्या आईची टोपली धरून, कोटाची कॉलर वर केलेला एक उंच माणूस उभा होता. लोक त्याच्याकडे बघायचे टाळत होते.

तो वाकला. "हा कोण गं? अरे देवा, मीच की! काय हाल केलेत माझे?"

"टेडीच्या सायकलला होता, बारानकाका."

बारानने खिशातून माझ्यासारखेच, पण कोरे करकरीत कार्ड काढले. "हे घे. ते टाकून दे."

हालिनाने दोघांकडे पाहिले. मी मनातून तिचा निरोप घेतला होता.

"नको काका. तो नुसता बसून राहिलाय. हा रोज फिरलाय."

आधी बारानची आई हसली. मग तो इतका हसला की टोपलीतले अंडे गडगडत गेले. "बसून राहण्याचं मला नको सांगूस, पोरी!" म्हणत त्याने डोळे पुसले. मग हळूच म्हणाला, "जप त्याला. आता माझं कार्ड निघायचं नाही."

तेव्हापासून मी हालिनाच्या प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. बारान आता नाही. हालिनाचे केस पांढरे झाले. दर राखेच्या बुधवारी ती माझ्यावरून बोट फिरवते आणि ईस्टरपर्यंत पुस्तकाचे ते पान उघडत नाही. परवा तिचा नातू म्हणाला, "याला कोण विचारतंय आजी? नवं मिळेल की."

"नवं फिरलेलं नसतं रे," ती म्हणाली.

मित्रांनो, कोरी वस्तू जपा असे कोणाला सांगावे लागत नाही. तुमच्यासाठी जी झिजली, ती मात्र उचलताना जरा हलक्या हाताने उचला. माझे कोपरे आता सुटायला आले आहेत.