नणंदेची सोबत

आधी जिभेखाली पाणी सुटतं. मग कानांमागे गार घाम येतो आणि त्यानंतर पोट ढवळायला लागतं. हा क्रम शिवणकाम करणाऱ्या त्या बाईला पाठ झाला होता. आज तो सुरू झाला तेव्हा ती आपल्याच दारात उभी होती आणि समोर फक्त नणंदेची गाडी येऊन थांबली होती.

नणंद लोकांना गाडी चालवायला शिकवायची. पहिल्या केमोपासून भावजयीला न्यायचं काम तिनं हट्टानं स्वतःकडे घेतलं होतं. दर वेळी तोच निळा स्वेटर, तीच लव्हेंडरची पावडर, तीच जुनी गाणी. "सगळं ओळखीचं असलं की जिवाला बरं वाटतं गं," ती म्हणायची.

"काल एका पठ्ठ्यानं माझी गाडी सरळ खांबाला भेटवली," नणंद वाटेत सांगत होती. भावजय खिडकीबाहेर तोंड काढून हसली. हसताना श्वास मात्र रोखून धरला.

दवाखान्यात नर्स शीर शोधत असतानाच भावजयीला उलटी झाली. नणंद पाणी आणायला धावली.

"अहो, अजून सुईसुद्धा टोचली नाही मी," नर्स म्हणाली. "घरी होतं का असं?"

"रविवारी झालं. वन्सं चहाला आल्या तेव्हा."

नर्सनं मान हलवली. "औषधानं मळमळत असताना जे जवळ असतं, ते शरीर त्या मळमळीशी जोडून टाकतं. मग औषधाची वाटच बघत नाही. एक पेशंट तर मला बाजारात बघून भाजी टाकून पळाली. यावर आदल्या रात्री घ्यायची गोळी असते, मी डॉक्टरांना विचारते. पण नणंदेला सांगितलंत का?"

"काय सांगू? माझ्यासाठी कामं सोडून येतात त्या."

महिनाभर तिच्या मनात उरलेले डोसच सोडून द्यायचं घोळत होतं. नणंदेला दुखावण्यापेक्षा ते सोपं वाटत होतं. आज हा हिशेब पहिल्यांदाच नीट ध्यानात आला आणि तिला हसू फुटलं.

"हसतेयस? छान," नणंद पाण्याची बाटली उघडत म्हणाली. "पुढच्या वेळी आणखी लवकर येते. निवांत जाऊ."

भावजयीनं चूळ भरली, तोंड पुसलं.

"वन्सं, रागावू नका. उरलेले डोस मी घेणारच आहे. पण ते संपेपर्यंत तुम्ही माझ्या आसपास फिरकायचं नाही. तुमच्या वासानंच मला उलटी होते."