पिवळ्या डोळ्याचा मासा

मला समुद्र आवडत नाही. ऑरेगनच्या ह्या किनाऱ्यावर लग्न करून आले त्याला अकरा वर्षं झाली, तरी बोटीवर पाय ठेवला की पोटात ढवळतं. टॉयवोपापांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, त्याची भारी गंमत वाटते. "याकिमाच्या सफरचंदांच्या बागांत वाढलेली पोर, तिला काय कळणार!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तरी सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी मी त्यांच्याबरोबर गेले. माझ्या नवऱ्याची, रेनोची, गिरणीत पाळी होती, आणि सत्त्याहत्तर वर्षांच्या बापाला बावीस फुटी बोटीत एकटं सोडायला त्याचं मन घेईना.

मोसम संपत आलेला. सॅमन बहुतेक नदीत शिरून गेले होते. सकाळभर आमिष ओढत फिरलो तेव्हा कुठे एक लागला. मग पापांनी बोट खडकांवर नेली आणि तळाचे मासे काढायला घेतले. हात अजून धडधाकट, जीभ त्याहून. मधूनच मला विचारायचे, "तो पक्षी कुठला, सांग बघू?" "ती बोट कुणाची?" मला वाटलं, म्हातारा मला शिकवतोय. मी मन लावून उत्तरं देत होते.

दुपारी दक्षिणेकडचं आभाळ काळं झालं आणि पापा म्हणाले, "चला." मी बर्फ सारखा करायला पेटी उघडली. तांबड्या माशांमध्ये एकाचा डोळा हळदीसारखा पिवळा होता.

हा मासा आमच्याकडे ठेवायचा नसतो. शंभर-शंभर वर्षं जगतो तो. गळाला लागलाच तर वजन बांधून परत तळाशी सोडायचा. गेल्या वर्षी शेजारच्या बोटीवर असा एक सापडला, तेव्हा पापांनी त्या माणसाला धक्क्यावर असं झापलं होतं की तो महिनाभर तोंड चुकवत फिरला.

"पापा, हा पिवळ्या डोळ्याचा आहे."

"असेल. आला असेल चुकून."

"तुमच्या हातून?"

"ओरडू नकोस, मासे घाबरतील."

मी त्यांच्या तोंडासमोर बोटं धरली. "किती?"

"मी काय शाळेत आहे?"

"पापा, किती?"

शेवटी म्हणाले, "मधोमध दिसत नाही. राखाडी डाग असतो. कडेचं दिसतं. एप्रिलपासून."

आणि घरी जायला दांडा ओलांडायचा होता. नदीच्या मुखाशी वाळूचा लांब दांडा आहे. ओहोटीचं पाणी तिथे बाहेर धावतं आणि समुद्राच्या लाटा त्यावर येऊन फुटतात. सकाळी भरतीत तो ताटासारखा सपाट होता. आता तिथे पांढऱ्या भिंती उठत होत्या.

मी रेडिओवर मदत मागितली. बचावबोट उत्तरेला बंद पडलेल्या एका बोटीकडे गेली होती, यायला तास तरी लागेल, तोवर बाहेरच थांबा, असं उत्तर आलं.

"तासाभरात ओहोटीला पुरता जोर चढेल," पापा म्हणाले. "मग भरतीची वाट बघत रात्रीपर्यंत बाहेर. हे वादळ अंगावर आलं की ही बोट टिकायची नाही."

"मग मी चालवते."

"तुला गाडी सरळ उभी करता येत नाही!" मग आवाज खाली आला. "हात माझे, डोळे तुझे. ऐक. मोठ्या लाटा तीन-चार लागोपाठ येतात, मग जरा उसंत मिळते. शेवटची मोठी आपल्या खालून गेली की 'आता' म्हण. मग तिच्या पाठीमागून आत जायचं. ती किती बोटी लांब आहे, तेवढंच सांगत राहा. मागचं काही सांगू नकोस. मागे लाट आहे ऐकलं की माझा हात वेग वाढवणार, पन्नास वर्षांची खोड आहे. मग पुढच्या लाटेवरून तोंडघशी पडू."

मी मोजायला लागले. तीन मोठ्या. पुन्हा चार. आठ वर्षांची माझी लेक ऐली शेजारणीकडे होती, तिची वेणीसुद्धा मी सकाळी घातली नव्हती. मला मरायचं नव्हतं. दुसरं काही मनात येतच नव्हतं.

"आता!"

इंजिन गरजलं. "तीन," मी म्हणाले. "दोन. दोन." दोन्ही बाजूंना फेस उसळत होता. आणि मी मागे पाहिलं. बघायला नको होतं. केबिनपेक्षा उंच लाट आमच्या पाठीशी उभी राहत होती आणि तिची कड पांढरी होत होती. किंकाळी अगदी ओठांवर आली. मी दात आवळले.

"दोन," माझा आवाज चिरकला.

"किंचाळतेस का?"

"दोन!"

बोटीची मागची बाजू वर उचलली गेली. पाणी धबाधबा आत पडलं, माझ्या घोट्यापर्यंत आलं. पापांचा हात हलला नाही. मग अचानक दोन्हीकडे नदीमुखाच्या बंधाऱ्याचे दगड दिसले, आणि पाणी शांत झालं.

धक्क्यावर रेनो उभा होता. रेडिओवरचं बोलणं कुणीतरी त्याला कळवलं होतं. पापा ऐटीत उतरले. "एक सॅमन, आणि तुझी बायको न ओकता परत!"

रेनो हसला, पण त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "ठीक आहेत ना ते? पुढच्या वर्षी बोट राहू द्यायची ना त्यांच्याकडे?"

पापांनी ऐकलं. त्यांनी माझ्या शेजारच्या डिझेलच्या पंपाकडे तोंड केलं. तसं केलं तरच मी त्यांना कडेने दिसत असणार. "सांग त्याला ठीक आहे म्हणून, लोरेटा," ते म्हणाले. इतक्या वर्षांत ते माझ्याशी एवढ्या मऊपणे कधी बोलले नव्हते.

मला रडू फुटलं. "त्यांना दिसत नाही, रेनो."

पापा पंपाकडेच बघत म्हणाले, "मागे मोठी होती ना?"

"खूप मोठी."

"वाटलंच मला. तेव्हा गप्प बसलीस," ते म्हणाले, "मग आत्ताच का नाही बसलीस?"