पुन्हा पहिल्यापासून

अंगठ्याच्या नखावर कागदाचा ठिपका... मोहरीहून लहान, गोल, पिवळट. संगणकात घालायच्या कागदी टेपच्या एका भोकात कडेने लोंबकळत राहिलेला. टाचणीने तो अलगद सोडवून गोरक्ष आता नखावर घेऊन बघत होता — म्हणजे हा होता तर. सकाळपासून ह्या एवढ्याशा कपट्याने मला वेठीला धरलं होतं! त्याने फुंकर मारली. ठिपका कुठे गेला ते दिसलंही नाही.

चला. पुन्हा पहिल्यापासून.

नगरबाहेरच्या ह्या प्रयोगशाळेत संगणक येऊन वर्ष होत आलं होतं. हैदराबादला जाऊन तो चालवायचं शिकून आलेला गोरक्ष एकटाच. त्यामुळे यंत्र बंद पडलं की सगळे त्याच्याकडे असे बघत, जणू तोच बंद पडलाय. काल वीज गेली, आली, पुन्हा गेली, आणि यंत्राच्या स्मरणातलं सगळं विस्कटलं. आता मुळापासून भरायचं. आधी समोरच्या पाटीवरचे खटके खाली-वर करत पहिल्या थोड्या आज्ञा हाताने द्यायच्या. त्यांच्या आधाराने यंत्र छोटी टेप वाचणार. छोटी टेप त्याला मोठी टेप वाचायला शिकवणार. आणि मोठी टेप शेवटपर्यंत बिनचूक गेली, तरच ते कामाला लागणार. मध्ये कुठे एक भोक जरी चुकीचं वाचलं गेलं, तरी शेवटची बेरीज जुळत नाही, दिवे नुसते पेटून राहतात... आणि पुन्हा खटके.

टेप खडखडत सरकू लागली.

‘ह्याला रोज नव्यानं शिकवाया लागतं व्हय?’ नानांनी, त्याच्या वडिलांनी, विचारलं होतं — दवाखान्यात, खाटेवर. दुष्काळी कामावर खडी फोडताना पायात कपची घुसली, तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही, नानांनी तर नाहीच; शेवगावहून नगरला आणेपर्यंत पाय काळा पडला होता. गुडघ्याच्या वरून काढावा लागला. चादर एका बाजूला उंच, दुसऱ्या बाजूला सपाट.

‘रोज नाही, नाना. वीज गेली की.’

‘मंग त्यात शानपना काय हाय?’ नाना हसले होते. हसताहसता त्यांचा हात सवयीने उजवी पोटरी खाजवायला गेला, चादरीवर टेकला आणि तिथेच थांबला. गोरक्षने ते न पाहिल्यासारखं केलं. खिडकीकडे बघत तो टेप म्हणजे काय, भोकं म्हणजे काय, हे घाईघाईने सांगत राहिला... किती बोललो मी त्या दिवशी!

खडखड थांबली. दिवे पेटलेलेच.

त्याने टेबलावर मूठ आपटली. तेच! कपटा काढला, यंत्राचं तोंड ब्रशने पुसलं, टेप हाताखालून वीतवीत तपासली, तरी तेच. पलीकडे बसलेल्या मुळेसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. ‘हैदराबादला ट्रंक कॉल लावू का?’

‘नको साहेब. होईल.’

होईल! कशाच्या जोरावर म्हणालो? साहेबांची गणितं कालपासून अडून आहेत, हैदराबादचा इंजिनीअर बोलावला तर कधी येईल ह्याचा नेम नाही, आणि आल्यावर तो हेच म्हणणार की पुन्हा भरा. त्याला त्या इंजिनीअरचा राग आला, विजेचा आला, भोकांचा आला. राग बरा वाटत होता. त्यात दुसरं काही सुचत नाही.

दुपारी फाटकावरून निरोप आला, भेटायला बाई आल्यात. छबूअक्का होती. थोरली बहीण, नानांजवळ दवाखान्यात तीच राहत होती. फाटकाच्या सळईला धरून उन्हात उभी.

‘नाना सकाळपासनं फेटा बांधून बसल्यात. डाक्टरनं सोडलंय. कव्हा येतूस?’

‘मशीन बंद पडलंय, अक्का.’

‘दुसरं कुनी न्हाई का तिथं?’

‘नाही ना.’

‘मला एकटीला उचलत न्हाईत ते. आन् दुसऱ्या कुनाला हात लावू देत न्हाईत. म्हनत्यात, गोरक्ष येईल.’

‘येतो ना, अक्का!’ तो ओरडला. अक्काने पदर डोक्यावर ओढला आणि चालू लागली.

खोलीत आला आणि थेट पाटीपुढे बसला. खटके खाली-वर. छोटी टेप. मोठी टेप. आता तो बघतही नव्हता. नानांचं गावाकडचं मोकळं घर, आता त्यांना आणायचं ती आपली एक खोली, मोरीचा उंच उंबरा, संडासाच्या पायऱ्या... रात्री त्यांना उठायचं झालं तर?... खडखड, खडखड... ती संपली तेव्हा त्याच्या लक्षातच आलं नाही. दिवे विझले होते. टाइपयंत्र एक ओळ उमटवून निमूट थांबलं होतं. तीच टेप, तेच हात. काय वेगळं झालं? काहीच नाही.

‘झालं की हो!’ मुळेसाहेब उठून आले. ‘वडिलांना सोडणार होते ना आज? जा तुम्ही.’

‘एकदा परत भरून बघतो, साहेब.’

‘परत? चालतंय ना?’

‘खात्री करतो.’

साहेब खांदे उडवून बाहेर गेले. गोरक्षची बोटं पहिल्या खटक्यावर टेकली होती. आणि तिथेच त्याला कळलं की राग कुठेच उरलेला नाही. सकाळपासून ज्याच्यावर चिडत होतो ते यंत्र समोर सुरळीत चालू आहे, आणि मला ते चालायला नको होतं... ते चाललं की दवाखान्यात जाणं आलं.

त्याने बोटं काढून घेतली. दाराकडे पाहिलं. कुणी नव्हतं. मग उजवा पाय गुडघ्यात मुडपून तो कशालाही न धरता उभा राहिला. अंग लगेच रिकाम्या बाजूला झुकलं. आधार कुठे हवा वाटतो? काखेखाली... की कमरेला? कमरेला धरलं तर त्यांचं धोतर... त्यांना लाज वाटेल. मला वाटेल. नानांना मी आजवर कुठे हात लावलाय? हैदराबादला निघताना, नोकरी लागली तेव्हा, दर दिवाळीला... वाकून पायांना. तेवढंच.

तोल जात होता. तरी त्याने पाय टेकवला नाही.