नव्या खुर्चीत मिस्त्री

मिस्त्रीनं कवळीची कड घासून गुळगुळीत केली, उजेडात धरून पाहिली आणि तेवढ्यात बाहेरून हाक आली.

"मिस्त्री, या! नवी खुर्ची आली."

दातांच्या त्या दवाखान्यात, मागच्या खोलीत बसून तो अकरा वर्षं लोकांच्या कवळ्या बनवत होता. दिवसभर प्लास्टरशी झटापट, म्हणून सगळे त्याला मिस्त्री म्हणत. तोंडावरचा मास्क नीट करूनच तो बाहेर आला. मास्कची हल्ली फार सोय होती. जिभेवर साचलेला पांढरा थर, ओठांच्या कोपऱ्यांतल्या चिरा, कुणाला काही दिसत नसे. घास गिळताना डोळ्यांत पाणी यायचं, ते तेवढं लपवावं लागे.

खुर्ची खरोखर देखणी होती. दवाखान्याच्या मदतनीस मावशी ती फडक्यानं पुसत होत्या.

"बसा मिस्त्री," डॉक्टरबाई म्हणाल्या. "दिव्याचा उजेड नीट पडतो का बघू. तोंड उघडा."

"मी कशाला? मावशींना बसवा की."

"माझ्या तोंडात काय बघायचंय? दात चार आणि जीभ हातभर," मावशी म्हणाल्या.

बाई हसल्या. मिस्त्रीही हसला, पण जागचा हलला नाही.

एचआयव्ही असल्याचं त्याला सहा वर्षांपूर्वी कळलं. सरकारी दवाखान्यातून दर महिन्याला गोळ्या मिळत आणि त्या चालू होत्या तोवर तो ठणठणीत होता. मग तिथल्या खिडकीवर त्याच्याच गल्लीतला माणूस कामाला लागला. त्याला पाहून मिस्त्री रांगेतून तसाच माघारी फिरला. पुढच्या आठवड्यात बघू म्हणाला, आणि तो पुढचा आठवडा काही उजाडला नाही.

इथं कळलं तर काय होतं, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. मोठ्या डॉक्टरांच्या, म्हणजे बाईंच्या वडिलांच्या काळात एका शिपायाबद्दल अशीच कुजबुज झाली. कुणी त्याला जा म्हटलं नाही. फक्त त्याचा पाण्याचा पेला वेगळा ठेवला. आठ दिवसांत तो आपणहून गेला. पेला वेगळा ठेवणाऱ्यांत मिस्त्रीही होता, आणि त्याची लाज त्याला अजून वाटे.

आता जास्त आढेवेढे घेतले तर उलट संशय यायचा. तो बसला. खुर्ची सावकाश मागे झुकली, दिवा थेट डोळ्यांवर आला. मास्क बाईंनीच खाली ओढला.

"आ करा."

त्यानं तोंड उघडलं.

आरसा जिभेवरून फिरला, गालाच्या आत गेला आणि तिथंच थांबला. बाईंची बडबड बंद झाली. मागं मावशींनी वाहता नळ बंद केला. मिस्त्रीनं खुर्चीच्या कडा घट्ट धरल्या. अकरा वर्षांचं काम, मागच्या खोलीतलं टेबल, हाताला सवयीची झालेली हत्यारं, सगळं गेलं असं तो धरूनच चालला.

"मिस्त्री," बाई अगदी हळू म्हणाल्या, "गोळ्या कधीपासून बंद केल्यात?"

कसल्या गोळ्या, असं त्यानं विचारायला हवं होतं. पण तोंडात आरसा होता, आणि दिव्याच्या कडेनं दिसणारे बाईंचे डोळे रागावलेले होते, जराही चकित झालेले नव्हते. कधीपासून माहीत होतं यांना? त्यानं सावकाश दोन बोटं वर केली.

"दोन महिने?"

त्यानं डोळे मिटून हुंकार भरला.

"अडीच," मागून मावशी म्हणाल्या. त्यांनी नळ पुन्हा सोडला होता. "काम करताना तुमचं शीळ घालणं बंद झालं, त्याला अडीच महिने झाले."