ओकादाबाईंची समुद्राकडची खोली

गावाचं नाव मी सांगणार नाही. एकदा सांगून बसले, तेवढं पुरे झालं. जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरचं कोळ्यांचं गाव, बुलेट ट्रेनमधून उतरून पुढे दोन तास एका डब्याच्या गाडीने जायचं. टुरिस्ट तिथे चुकूनसुद्धा फिरकत नाहीत. तिथे ओकादाबाई नावाची एक म्हातारी घरातल्या चार खोल्या पाहुण्यांना देते. त्यातल्या समुद्राकडच्या खोलीत मी आणि राजेश पाच दिवस राहिलो. त्यानंतर तीन महिन्यांनी, जानेवारीत, राजेश गेला. येत्या जानेवारीत दोन वर्षं होतील. तो दिवस मला त्याच खोलीत काढायचा होता. बाकी काही मागणं नव्हतं माझं.

माझ्या पाच ईमेलनंतर शनिवारी सकाळी ओकादाबाईंचं उत्तर आलं. तुम्हाला खोली देता येणार नाही, क्षमा असावी. कारण नाही, काही नाही.

कारण मला लिहून द्यायची गरजच नव्हती. कारण इथे अमेरिकेत, आमच्या नेपरव्हिलमध्येच राहतं, माझ्या घरापासून चार गल्ल्यांवर, आणि त्याचं नाव प्रीता. मी भोळी, हिला फोटो दाखवले, पत्ता दिला. बाईसाहेब गेल्या एप्रिलमध्ये ग्रुपातल्या नऊ जणींना घेऊन तिथे धडकल्या. नऊ जणी! एकीलाही हळू बोलता येत नाही. वर परत येऊन मंडळाच्या पिकनिकला सगळ्यांना फोटो दाखवले, 'कुणाला माहीत नसलेलं जपान' म्हणे. तेव्हा मी गप्प बसले होते. आता तळपायाची आग मस्तकात गेली.

बर्फ पडत होतं, तरी तशीच ड्राइव्ह करून तिच्याकडे गेले. दार उघडल्या उघडल्या सुरू झाले. त्या शांत घराची तुम्ही धर्मशाळा केलीत, काय काय उद्योग केलेत देव जाणे, आणि त्याची शिक्षा आता मला. पुष्कळ बोलले. वीस वर्षांची मैत्रीण आहे, म्हणून कुठे थांबायचं ते मला कधी कळत नाही. तिचा नवरा प्रथमेश 'वहिनी, बसा ना' म्हणाला आणि बेसमेंटमध्ये पसार झाला.

प्रीताने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "झालं तुझं? आता मी सांगते. तुला सांगणारच नव्हते."

त्या दहा जणी पोचल्या तेव्हा ओकादाबाईंनी दारातच बॅगा उघडायला लावल्या होत्या. दोन इलेक्ट्रिक कुकर निघाले, ते या परत जाईपर्यंत कपाटात कुलपात ठेवले. यांतल्या शाकाहारी बायकांनी चार दिवस भात आणि लोणच्यावर काढले. खोलीत पाणीसुद्धा गरम केलं नाही. कारण आधी येऊन गेलेल्या भारतीय पाहुण्यांनी पाच दिवस खोलीत स्वयंपाक केला होता.

"कोणी, ते मी विचारलं नाही," प्रीता म्हणाली. "तिनेच तुझं नाव घेतलं."

खिचडी. हो, केली होती. राजेशच्या पोटात काही ठरत नव्हतं, माशाच्या वासानेच त्याला मळमळायचं. तिथे जमीनभर गवताच्या जाड चटयाच बसवलेल्या असतात; मी बरोबर नेलेला इलेक्ट्रिक कुकर चटईवर ठेवला, त्यातच तूप-जिरं-हिंगाची फोडणी केली आणि मुगाची खिचडी टाकली. तो दोन वाट्या जेवला. मग रोजच केली. ओकादाबाई सकाळी दारात यायच्या, कुकरकडे बघायच्या, काहीतरी बोलून कमरेत वाकायच्या. मला वाटलं, किती समजूतदार बाई! आमच्याकडे राग आला की बाई भांडी आपटते. वाकणारी बाई रागावलेली असते, हे मला कोण शिकवणार?

"तेव्हाच का नाही बोललीस?" मी विचारलं.

"तू तेव्हा कुठे जरा माणसांत यायला लागली होतीस, हिमानी. वास जात नाही म्हणून त्या बाईने खोलीतल्या चटया काढून टाकल्या, हे तुला सांगायला हवं होतं का?"

"सगळ्या?"

"सगळ्या. नव्या घातल्यात."

सॉरी म्हणायची वेळ होती, कळत होतं. मी म्हटलं, तू सांगितलं असतंस तर मी त्या बाईला पाच ईमेल करून भीक मागितली नसती. ती म्हणाली, "निघ आता." मी बूट घातले आणि निघाले.

गाडीत बसले, पण चालू करवेना. राजेश गेला त्याच आठवड्यात सासूबाईंनी त्याचे सगळे शर्ट, चादरी, उशांचे अभ्रेसुद्धा धुऊन टाकले होते, मला न विचारता. तो शेवटचं पोटभर जेवला ते त्या खोलीत. तिथल्या चटईला नाक लावलं तर अजून काहीतरी वास येईल, असं मी धरून चालले होते. ओकादाबाईंना तो वास सहन होत नव्हता. मी त्याच वासासाठी तेरा तास उडून जाणार होते.